गाण्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

विष्णू दिगंबर पलुसकर म्हटलं की १९०१ साली लाहोरला सुरू झालेलं गांधर्व महाविद्यालय आठवतं. त्यांच्या व्यवहारी धाडसाबद्दल मात्र कमी बोललं जातं. गाणं दरबारात किंवा देवळात व्हायचं त्या काळात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. संगीताचे वर्ग शिस्तीत चालवले, स्वरलिपीची पुस्तकं काढली, १९०८ साली मुंबईत शाखा उघडली. पुढे तिथल्या इमारतीसाठी काढलेलं कर्ज अंगाशी आलं आणि वास्तू सावकारांच्या घशात गेली. बालगंधर्वांचंही तसंच. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीला महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं, थिएटरं भरली, तरी कंपनी कर्जात रुतत गेली आणि ते कर्ज बालगंधर्वांनी आपल्या अंगावर घेतलं.

या गोष्टी आपल्याकडे भाविकपणे सांगितल्या जातात: कलेपायी सर्वस्व वेचलं. मला त्या वाचताना वाईट वाटतं. सूर सांभाळायला या माणसांच्या पाठीशी गुरूंची अख्खी परंपरा होती. हिशेब सांभाळायला तशी परंपरा नव्हती, आणि शंभर वर्षं उलटली तरी ती धड उभी राहिलेली नाही. आजही पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात दहा-पंधरा वर्षं तालीम घेतलेली मुलं आपलं पहिलं गाणं कुणाला तरी देताना समोर आलेल्या कागदावर न वाचता सही करतात.

व्यवहार आपल्या मातीत नव्हता असंही नाही. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास जाऊन पाहावं. तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. प्रत्येक राहुटीवर फडाचा फलक, आत फडमालक किंवा त्याचा व्यवस्थापक वही घेऊन बसलेला. गावोगावची यात्रा कमिटीची माणसं एका राहुटीतून दुसरीत फिरत असतात. बोलणं तिथीवरून सुरू होतं. ज्या तिथीला जास्त गावांच्या जत्रा, त्या तिथीचा भाव चढा. मग कलावंत किती, वगनाट्य कुठलं, गाड्या किती, हे ठरतं आणि सुपारी फुटते. तिथल्या माणसाला जोखमीचा हिशेब पक्का ठाऊक असतो. सुपारीचा खेळ असेल तर पाऊस आला तरी रक्कम गावाने द्यायची. तंबू लावून तिकिटावर खेळ केला तर गर्दीचा फायदा फडाचा आणि रिकाम्या तंबूचा तोटाही फडाचाच. आजच्या बँडला किंवा गायिकेला आयोजक ‘गेटवर भागी करू’ म्हणतो तेव्हा नेमका हाच प्रश्न असतो, आणि तो कळायला परदेशी पाठ्यपुस्तक लागत नाही.

त्याच राहुटीत उचल हा शब्दही ऐकू येतो. हंगामाआधी कलावंत फडमालकाकडून उचल घेतो, फडमालक सावकाराकडून घेतो, आणि हंगामभर ती फेडली जाते. पुष्कळांची फिटतच नाही. पुढच्या वर्षाची उचल मागच्या बाकीत वळती होते. म्युझिक कंपनी नव्या गायकाला करारावर ‘अॅडव्हान्स’ देते तो बहुतेक वेळा याच जातीचा असतो. रॉयल्टीतून तो आधी वसूल होतो, बऱ्याच करारांत व्हिडिओचा आणि जाहिरातीचा खर्चही त्यातूनच कापला जातो, आणि तोवर कलाकाराच्या हाती काही पडत नाही. बक्षीस मिळालं या आनंदात सही करणाऱ्या मुलाला कुणीतरी सांगायला हवं की बाबा, ही उचल आहे.

इथवरचा व्यवहार माणूस चार ठिकाणी ठेचा खाऊन शिकतो. खरी अडचण पुढे आहे, कारण गाण्यातला मोठा पैसा न दिसणाऱ्या गोष्टीत असतो: हक्कात. शेतजमिनीचा सातबारा पाहिल्याशिवाय आपल्याकडे कुणी इसार देत नाही. गाण्याचाही सातबारा असतो आणि त्यावर एकाहून जास्त नावं असतात. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा सादरीकरणाचा हक्क आणखी वेगळा.

आपल्या ओळखीच्या गाण्यांवर हे पडताळून पाहू. भारतीय कायद्यात शब्दांचा आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. सुधीर फडके २००२ साली गेले, म्हणजे चालींवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. एकाच गाण्याचे शब्द मोकळे होतील तेव्हा चाल आणखी पाव शतक कुलपातच असेल. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा. पण श्रीनिवास खळ्यांनी दिलेल्या चालीत तो गायचा असेल तर ती चाल २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहे, कारण खळेकाका २०११ साली गेले. ‘मानापमान’ १९११ चं. खाडिलकर १९४८ साली गेले, गोविंदराव टेंबे १९५५ साली. तेव्हा खाडिलकरांची पदं आणि टेंब्यांच्या चाली आज कुणीही गाऊ शकतो. कुणी त्या नव्याने ध्वनिमुद्रित केल्या असतील तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र ते करून घेणाऱ्याकडे असतो आणि प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. ‘कट्यार काळजात घुसली’ जुनं नाटक म्हणून मोकळं धरणारे पुष्कळ भेटतात. जितेंद्र अभिषेकी १९९८ साली गेले. त्यांच्या चाली २०५८ पर्यंत विनापरवाना वापरता येणार नाहीत.

हे गणित संगीताच्या विद्यार्थ्याला तिहाईच्या हिशेबापेक्षा सोपं जाईल. तो मात्रा मोजतो, वर्षंही मोजेल.

हक्क आहेत म्हणजे ते मिळत होते असं नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लताबाईंनी गायकांनाही रॉयल्टी हवी हा मुद्दा लावून धरला. मोहम्मद रफींचं म्हणणं, गाण्याचे पैसे मिळाले की निर्मात्याशी व्यवहार संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं थांबवलं. ही हकीकत दोन मोठ्या कलाकारांचा रुसवा म्हणून रंगवली जाते. मला त्यात एका धंद्याचा पायाभूत प्रश्न दिसतो: गाणं म्हणजे एका दिवसाची मजुरी की पुढे पीक देणारी मालमत्ता? नाटकाच्या धंद्याने याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं. मराठी रंगभूमीवर नाटककाराला प्रयोगागणिक मानधन द्यायची रीत रुळलेली आहे. शंभरावा प्रयोग झाला तर शंभराव्यांदा. सिनेमाच्या गाण्यात ती रीत आली नाही.

१९६९ साली गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था निघाली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात तिची बाजू पडली: निर्मात्याने पैसे देऊन सिनेमासाठी गाणं करून घेतलं तर, वेगळा करार नसल्यास, हक्काचा पहिला मालक निर्माता. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक स्वतंत्र टिपण जोडून, गायकाला कायद्यात काहीच हक्क नाही याकडे संसदेचं लक्ष वेधलं. कलाकारांचे हक्क कायद्यात यायला १९९४ उजाडलं. मोठी दुरुस्ती २०१२ ची. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि ती व्हावी म्हणून त्यांनी खूप झटापट केली. दुरुस्ती २१ जून २०१२ पासून लागू झाली.

तिने काय दिलं हे कराराचा कागद समोर ठेवूनच समजतं. कंपनीच्या छापील मसुद्यात साधारण असं वाक्य असतं: ‘सदर गीताचे सर्व हक्क कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी, आज अस्तित्वात असलेल्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी, एकरकमी मोबदल्यात.’ एकेक तुकडा घेऊ. ‘कायमस्वरूपी’ लिहिलंय कारण मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षंच धरतो. ‘संपूर्ण जगासाठी’ लिहिलंय कारण प्रदेश लिहिला नाही तर हस्तांतर भारतापुरतंच मानलं जातं. घेतलेला हक्क कंपनीने वर्षभरात वापरलाच नाही तर, कागदावर वेगळं काही नसेल तर, तो परत फिरतो. म्हणून बऱ्याच मसुद्यांत ही तरतूद लागू नाही असंही एक कलम घुसवलेलं असतं. ‘भविष्यात येणारी माध्यमं’ या शब्दांना २०१२ नंतर फारसा जोर राहिलेला नाही, कारण जे माध्यम करार करताना अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं त्याला हस्तांतर लागू होत नाही. लागू करायचं तर त्याचा नेमका उल्लेख हवा. आणि ‘एकरकमी’ हा शब्द सगळ्यात जास्त फसवतो. सिनेमातलं गाणं असो की स्वतंत्र, गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा कायद्याने राखलेला आहे; सिनेमागृहात चित्रपटासोबत वाजणाऱ्या गाण्यापुरता तेवढा अपवाद. हा वाटा वारसाला किंवा वसुली करणाऱ्या संस्थेला देता येतो, कंपनीला सोडून देता येत नाही. तसं लिहून दिलं तरी ते पोकळ ठरतं.

म्हणजे कायदा आज नवख्या माणसाच्या बाजूने बऱ्यापैकी झुकलेला आहे. ज्याला तो माहीत नाही त्याला त्याचा उपयोग शून्य. या विषयाच्या शिक्षणाचं मोल मला इथे वाटतं.

मग पैसा प्रत्यक्षात कुठल्या वाटेने येतो? आपण गाणं केलं, गायलं आणि स्वखर्चाने प्रसिद्ध केलं तर दोन वाटा. ध्वनिमुद्रणाचा पैसा डिस्ट्रोकिड, ट्यूनकोरसारख्या वितरकामार्फत स्पॉटिफाय, जिओसावनकडून येतो. शब्द आणि चालीचा पैसा आयपीआरएसमार्फत येतो, तोही तिथे सभासद होऊन गाणं नोंदवलं तरच. मला भेटणाऱ्या तरुण गीतकार-गायकांपैकी पुष्कळांनी पहिली वाट धरलेली असते. दुसरी आहे हेच माहीत नसतं. गायकांच्या वाट्यासाठी २०१३ साली इस्रा ही वेगळी संस्था आली. पुढे तिने वादकांनाही सामावून घेतलं. सारंगी किंवा बासरी वाजवून शिफ्टचे पैसे घेऊन घरी जाणाऱ्या वादकाचंही त्या गाण्यात काही उरतं, हे आपल्या स्टुडिओंच्या जगात अजून नीट पोचलेलं नाही.

दोन्ही वाटांवर सगळं अडतं ते नोंदीत. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा चिन्हांचा क्रमांक असतो. गाणं दोन वितरकांकडून दोन क्रमांकांनी गेलं तर ऐकणाऱ्यांची मोजणी फुटते. नावांचं तर विचारूच नये. एकाच आडनावाची रोमन लिपीत तीन स्पेलिंगं: यूट्यूबवर एक, वितरकाकडे दुसरं, संस्थेच्या फॉर्मवर तिसरं. गाण्याचं शीर्षक नुसतं ‘विठ्ठल’, आणि त्या नावाची गाणी रग्गड. गीतकाराची जागा रिकामी किंवा तिथे ‘पारंपरिक’ लिहून मोकळे. मग पैसा कुणाचा हे जुळत नाही आणि तो अडकून पडतो. गाणं प्रसिद्ध करायच्या आधी कुणी काय केलं, कुणाचा किती टक्के, हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. मित्रांमध्ये हे लिहायला संकोच वाटतो. गाणं गाजल्यावर लिहायला बसलं की मैत्री तुटते.

ऐकण्यातून मिळणाऱ्या पैशाबद्दल खोटी आशा ठेवू नये. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलं आणि २०२४ पासून त्यांनी नियम केला की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं हजारदाही वाजलं नाही तर त्यावर पैसे नाहीत. मराठी स्वतंत्र संगीताची बरीच पहिली गाणी या उंबरठ्याआधीच अडखळतात. यूट्यूबवर जुनं भावगीत गाऊन टाकलं तर मूळ कंपनीचा दावा येतो आणि जाहिरातीचा पैसा तिकडे वळू शकतो. गळा तयार करायला, ओळख वाढवायला तशी गाणी गावीत. उत्पन्न धरून नव्हे.

म्हणून बहुतेकांचं पोट आजही कार्यक्रमांवर भरतं. आकाशवाणीच्या श्रेण्यांनी एका पिढीला निदान आपला दर्जा आणि त्याचा दर कागदावर दाखवला होता. खाजगी कार्यक्रमात तसा दर लिहिलेला नसतो. समजा, तालुक्याच्या गावात नाट्यसंगीताचा कार्यक्रम आहे आणि आयोजक गायिकेला ‘सगळं मिळून’ ५०,००० देतो म्हणतो. यातून तबला, ऑर्गन आणि तालवाद्याची बिदागी, गाडी, जेवण, निवेदकाचं पाकीट; ध्वनिव्यवस्था आयोजकाची की आपली हे विचारलेलंच नसतं. ती आपली निघाली तर गायिकेच्या हाती एखाद्या साथीदाराइतकेच उरतात, कधी तेवढेही नाही. ‘सगळं मिळून’ हे दोन शब्द ऐकले की थांबून यादी करायला शिकवणं हे मला राग शिकवण्याइतकंच गुरूचं काम वाटतं. साथीदारांचे पैसे त्याच रात्री द्यावेत, आयोजकाचा धनादेश वटेपर्यंत त्यांना ताटकळत ठेवू नये, हेही त्याच तालमीचं.

करांचं थोडक्यात. शास्त्रीय आणि लोककला प्रकारांत दीड लाखांपर्यंतच्या कार्यक्रमाला जीएसटीतून सूट आहे. सिनेगीतांच्या कार्यक्रमाला ती नाही, तिथे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. संस्था बिदागीतून दहा टक्के टीडीएस कापतात. उत्पन्न कमी असेल तर तो विवरणपत्र भरून परत मिळतो. कितीतरी साथीदार ते भरतच नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात.

परवान्यांचा गोंधळही कलाकाराला माहीत हवा, कारण आयोजक ऐन वेळी त्याच्याकडे बोट दाखवतो. लग्नविधी आणि त्याच्याशी निगडित समारंभातल्या संगीताला कायद्यात सूट आहे, पण तिची हद्द कुठवर यावरून भांडण चालूच आहे. लग्नांचं मोठं ठिकाण झालेल्या गोव्यात सरकारने याबद्दल काढलेलं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ साली रद्द केलं. परवाना कोण काढणार हे पत्रात आधीच लिहून घ्यावं.

आता हे सगळं शिकायचं कुठे? अमेरिकेत डोनाल्ड पासमन या वकिलाचं या धंद्यावरचं पुस्तक १९९१ पासून आवृत्त्या बदलत चालू आहे, आणि बॉस्टनच्या बर्कली कॉलेजात संगीताचा व्यवसाय हा पदवीचा विषय आहे. तिथला कायदा आपल्याला लागू नाही, पण विषय शिकवण्याजोगा मानला गेला हे महत्त्वाचं. आपल्याकडे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना गावोगावची मुलं बसतात, विद्यापीठांत ललित कला केंद्रासारखे विभाग आहेत. विशारदच्या टप्प्यावर एक पेपर एवढ्यासाठी ठेवला आणि त्यात खरा करारनामा वाचायला दिला, एखाद्या अभंगाच्या ध्वनिमुद्रणाला कुणाकुणाची परवानगी लागेल हे विचारलं, तर दहा वर्षांत चित्र बदलेल. बाजारात जे अल्प मुदतीचे वर्ग निघालेत त्यांचा भर रील्स, फॉलोअर आणि थंबनेलवर दिसतो. ते टाकाऊ नाही. पण हक्क न समजता प्रसिद्धी शिकलेला मुलगा दुसऱ्याची मालमत्ता फुकट गाजवत बसतो.

गुरुजनांचा संकोच मला समजतो. विद्या विकू नये या संस्कारात ते वाढले. पण पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला आणि पुढे कितीतरी वर्षं त्याची उभारणी स्वतः पाहिली. मांडव घालणं, तिकिटं खपवणं, कलाकारांच्या वेळा लावणं याने त्यांच्या गाण्याचं पावित्र्य रतिभरही कमी झालं नाही. पैशाबद्दल न बोलण्याचा फायदा नेहमी ज्याच्याकडे छापील मसुदा आहे त्यालाच होतो.

नव्या करारात आता एक प्रश्न वाढला आहे. यंत्राने गायकाचा आवाज उचलून त्याच्याकडून न गायलेली गाणी गाऊन घेता येतात. २०२४ साली अरिजित सिंग यांना आणि नंतर आशा भोसले यांना मुंबई उच्च न्यायालयाने अशा वापराविरुद्ध संरक्षण दिलं. मोठ्या नावाला न्यायालय परवडतं. नवोदिताने करारातच लिहून घ्यावं की माझा आवाज यंत्राला शिकवण्यासाठी वापरायचा असेल तर वेगळी लेखी संमती आणि वेगळा मोबदला.

आणि हे शिक्षण नव्या मुलांपुरतं ठेवू नये. जुन्या गीतकार-संगीतकारांच्या घरी, लोकशाहिरांच्या घरी, कॅसेटच्या काळात गायलेल्यांच्या घरी ट्रंकांमध्ये कंपन्यांची पत्रं, करारनामे, रॉयल्टीची विवरणपत्रं पडून आहेत. घर बदलताना तीच आधी रद्दीत जातात. गीतकार-संगीतकारांच्या कायदेशीर वारसांना आयपीआरएसचं सभासद होता येतं, आणि कर्त्याच्या मृत्यूनंतर हक्क ६० वर्षं चालतो, म्हणजे मुलांच्या आणि नातवंडांच्या हयातीत. मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, गाण्यांची यादी आणि मिळतील तेवढ्या तबकड्या-कॅसेटच्या वेष्टनांचे फोटो, एवढ्या सामग्रीवर सुरुवात करता येते. यादी करताना अजून हयात असलेल्या साथीदारांना फोन करावा. कुठलं गाणं कुणी लिहिलं आणि चाल कुणाची हे वेष्टनावर चुकलेलं असतं, आणि खरं काय ते आज त्यांनाच आठवतं.